इन्हेलरचा त्रास, खर्रा आणि एक एसटी कंडक्टर: नागपूरचं एक प्रकरण

नागपुरात छातीच्या डॉक्टरांच्या ओपीडीत पेशंटना इन्हेलर, म्हणजे दम्याचा पंप, घ्यायला शिकवणं हे माझं काम. हे प्रकरण त्यातलंच आहे. ओळख पटू नये म्हणून नाव आणि घरचे काही तपशील बदललेत, बाकी जसं झालं तसं लिहिते. आणि सुरुवातीलाच सांगते, यातले डोस त्या एका माणसाचे आहेत, ते बघून कोणी आपला डोस कमीजास्त करू नका.

पार्श्वभूमी

रमेशभाऊ, वय ४६, एसटीत कंडक्टर, राहायला मानेवाड्याकडे. ड्युटी बहुतेक उमरेड, भिवापूर, नागभीड लाइनवर, आठवड्यातून दोनदा मुक्कामी गाडी. दमा लहानपणापासून, मधे बरीच वर्षं काहीच नाही, चाळिशीनंतर परत सुरू झाला. आपल्याकडे बहुतेकांचं होतं तसंच त्यांचंही झालं, म्हणजे मेडिकलमधून निळा पंप घ्यायचा, दम लागला की दोन पफ मारायचे आणि विसरून जायचं. निळ्या पंपात साल्ब्युटामॉल असतं, ते आवळलेल्या श्वासनळ्या चार-पाच मिनिटांत सैल करतं पण आतली सूज तशीच राहते. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना म्हणतात की मोठ्या माणसाला नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका, सूज कमी करणारं स्टेरॉइड पंपातून जायलाच पाहिजे. पण हे किती लोकांपर्यंत पोचलंय ते रोज ओपीडीत दिसतं.

फेब्रुवारीत त्यांना जोराचा अटॅक आला, एका खाजगी दवाखान्यात दोन दिवस ॲडमिट होते. सुटी देताना ब्युडेसोनाइड (हे स्टेरॉइड) आणि फॉर्मोटेरॉल (हे नळ्या सैल करणारं) एकत्र असलेला पंप लिहून दिला, सकाळी दोन पफ, संध्याकाळी दोन पफ. एका पफमध्ये २०० मायक्रोग्रॅम स्टेरॉइड, म्हणजे दिवसाचे ८००. औषध योग्यच होतं. कागदावर खाली बारीक अक्षरात गुळण्या करा असंही लिहिलं होतं. पण पंप कसा ओढायचा हे कोणी करून दाखवलं नाही आणि यातून काय काय त्रास होऊ शकतो हे तर कोणी बोललंच नाही.

अजून एक गोष्ट, जी कागदावर कुठेच नव्हती. रमेशभाऊ दिवसाला सहा-सात खर्रे खायचे. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून घोटून करतात तो खर्रा, गालात धरून तासभर चघळतात. सिगारेट-बिडी नाही ना, असं विचारलं की हे लोक प्रामाणिकपणे नाही म्हणतात, कारण ते खरंच बिडी पीत नाहीत.

त्रास काय काय होता

पंप सुरू करून महिना-दीड महिना झाला आणि एकेक सुरू झालं. जिभेवर, टाळूला पांढरे डाग. तोंडाला चव नाही. तिखट भाजी तोंडात घातली की आग. आवाज बसला, आणि कंडक्टरचा आवाज बसला म्हणजे काय ते बघा, स्टँडवर उभं राहून "दिघोरी, उमरेड, भिवापूर, नागभीड" ओरडायचं असतं, महिलांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाडीत गर्दी इतकी की मागच्याला सुटे पैसे मागायचे तरी घसा ताणावा लागतो. हात थरथरायचे, तिकीट मशीनवर चुकीचं बटण दाबलं जायचं, एकदा हिशेबात फरक आला तो खिशातून भरावा लागला. छातीत धडधड. रात्री पिंढऱ्यांत गोळे.

त्यांनी सरळ हिशेब लावला, हे सगळं नवीन पंप आल्यावर सुरू झालं म्हणजे पंपामुळेच. त्यात ते पांढरे डाग. खर्रा खाणाऱ्या माणसाच्या तोंडात पांढरा डाग दिसला की त्याच्या मनात पहिला विचार कोणता येतो हे नागपुरात कोणाला सांगायची गरज नाही. डेपोतल्या एका जोडीदाराचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं त्यांनी पाहिलं होतं. ते इतके घाबरले की आरशात बघणंच बंद केलं, घरी बायकोलाही सांगितलं नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी पंप बंद केला. कोणालाही न विचारता. आणि मग जे झालं ते समजून घेण्यासारखं आहे कारण पेशंट इथेच फसतो. पहिले दहा-बारा दिवस त्यांना मस्त वाटलं. आवाज थोडा सुटला, तोंडाची जळजळ कमी वाटली, दमही लागला नाही. स्टेरॉइडचा परिणाम एका दिवसात जात नाही, सूज हळूहळू परत चढते, त्यामुळे बंद करून चूक झाली असं वाटायला काही कारणच नसतं. मग लग्नसराईची गर्दी, भिवापूरहून टपावर आणि आत मिरचीची पोती, त्याचा ठसका, घरी वर्षभर बंद असलेला कूलर तसाच सुरू केलेला, त्याच्या ताट्यांना, म्हणजे गवताच्या पडद्यांना, बुरशीचा ओला वास. दम वाढला. निळा पंप चार वेळा, सहा वेळा, शेवटी दिवसाला दहा-दहा पफ. २०० पफांचा पंप तीन आठवड्यांच्या आत संपला.

निळा पंप वाढला तशी थरथर आणि धडधड अजून वाढली. पोटॅशियम कमी होऊन पायात गोळे येणं हेही साल्ब्युटामॉल जास्त झाल्याचं लक्षण, वरून मे महिन्याचा घाम. म्हणजे ज्या पंपाला दोष देऊन बंद केलं तो बंद असतानाच त्रास वाढून राहिला होता, पण तोवर मनात पक्कं बसलं होतं की पहिल्या पंपाने शरीर बिघडवलं.

मेच्या मध्यात, पारा ४५ च्या वर, ते आमच्याकडे आले तेव्हा एक वाक्य सलग बोलता येत नव्हतं. पीक फ्लो मीटरवर, म्हणजे फुंकरीचा जोर मोजायच्या नळीवर, २१०, त्यांच्या उंची-वयाला साडेपाचशेच्या आसपास यायला पाहिजे. नेब्युलायझर, ऑक्सिजन, प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम पाच दिवस. दुपारपर्यंत सावरले.

पहिला निर्णयाचा क्षण: काय विचारायचं

अशा वेळी सगळ्यात सोपं असतं रागावणं. पंप काहून बंद केला, कोणी सांगितलं होतं, वगैरे. आमच्या डॉक्टरांनी, म्हणजे सरांनी, तसं केलं नाही, त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि एवढंच विचारलं, "पंपाचा काय त्रास झाला ते सांगा आधी." रमेशभाऊ दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "सर, हा पंप माह्या तोंडाले खाऊन राह्यला." आणि मग सगळं बाहेर आलं, डाग, आवाज, हिशेबातला फरक, सगळं. वहिनी शेजारी उभ्या होत्या, त्यांनाही यातलं अर्धं पहिल्यांदाच कळत होतं. "हे कोणालेच काही सांगत नाहीत वो मॅडम," एवढंच त्या मला म्हणाल्या.

दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा होता, अजून कोणत्या गोळ्या घेता. आधी नाही म्हणाले. वहिनींनी शर्टाच्या खिशातून एक स्ट्रिप काढून दिली. प्रोप्रानोलॉल. दोन गोळ्या काढलेल्या. धडधडीवर आणि हात थरथरण्यावर चांगली आहे म्हणून डेपोतल्या कोणीतरी आपल्या स्ट्रिपमधून दिलेली. गोळी त्या दुसऱ्या माणसासाठी योग्य असेलही, पण दम्याच्या माणसाला ती धोक्याची आहे, कारण ज्या जागांवर साल्ब्युटामॉल काम करून नळ्या उघडतं त्याच जागा ती अडवते, नळ्या आवळतात आणि निळा पंपही नीट लागू पडत नाही. एक गोळी आदल्या रात्री घेतली होती, एक त्याच्या आदल्या दिवशी. अटॅक फक्त त्यानेच आला असं म्हणता येत नाही, दम आधीपासून वाढतच होता, पण त्या रात्री तो एकदम का बिघडला याचं उत्तर बहुतेक त्या स्ट्रिपमध्ये होतं.

म्हणजे साखळी अशी झाली: एका पंपाचा त्रास, म्हणून तो बंद, म्हणून दुसरा पंप जास्त, त्याचा त्रास, त्यावर उसनी गोळी, आणि ऑक्सिजन. पहिल्याच त्रासाला कोणी कान दिला असता तर बाकीचं काही घडलंच नसतं असं मला मनापासून वाटतं.

दुसरा निर्णयाचा क्षण: पांढरे डाग एकाच जातीचे नव्हते

स्टेरॉइड पंप घेणाऱ्याच्या तोंडात पांढरे डाग म्हणजे बुरशी, कॅन्डिडा, हे इतकं नेहमीचं आहे की बघितलं न बघितलं आणि मलम लिहून दिलं असं होऊ शकतं. सरांनी टॉर्च घेतला, लाकडी पट्टीने गाल बाजूला केला आणि गॉजच्या तुकड्याने डाग पुसून बघितला. जिभेवरचा आणि टाळूवरचा थर दह्याच्या सायीसारखा निघून आला, खाली लाल. ही बुरशी. पण डाव्या गालाच्या आत, जिथे खर्रा धरायचे बरोबर त्या जागी, एक खरखरीत पांढरा पट्टा होता तो पुसून हलला नाही.

मग त्यांना तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत घालायला सांगितली. अडीचच गेली.

तिखटाची आग, तोंड कमी उघडणं, ही सुपारीने गालाचं आतलं अस्तर कडक होत जातं त्याची लक्षणं, त्यात पंपाचा काही संबंध नाही. तिखट खाताना आग होते हे रमेशभाऊंना, नीट विचारल्यावर, दोन वर्षांपासून होतं. पण पंप आल्यावर सगळं त्याच्याच नावावर जमा झालं. हे दोन्ही बाजूंनी धोक्याचं आहे. पेशंट खर्ऱ्याचा दोष पंपाला देतो आणि औषध सोडतो, आणि डॉक्टर घाईत असले तर खर्ऱ्याचा डाग पंपाची बुरशी समजून मलम देतात आणि तो डाग महिनोनमहिने तसाच राहतो. आपल्या भागात स्टेरॉइड पंप देणाऱ्या प्रत्येकाने गॉजने पुसून बघायलाच पाहिजे, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे.

पर्याय काय काय होते

त्या दिवशी आणि पुढच्या भेटीत मिळून बऱ्याच गोष्टींवर बोलणं झालं, काही आम्ही मांडल्या काही त्यांनी.

रमेशभाऊंना मनातून पंप नकोच होता, गोळीवर भागत असेल तर बघा म्हणाले. गोळ्या आहेत. मॉन्टेल्युकास्ट आहे, ॲलर्जीच्या सर्दीसोबत दमा असेल तर काहींना मदत होते, पण सूज आवरण्यात ती स्टेरॉइड पंपाची बरोबरी करत नाही, आणि तिचेही त्रास आहेतच, झोप बिघडणं, वाईट स्वप्नं, उदासी, यामुळे अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२० मध्ये तिच्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. थिओफायलिनच्या गोळीने तर मळमळ आणि धडधड वाढली असती, तीच तर त्यांची तक्रार होती.

शेजारच्यांनी सांगितलं होतं की जूनमध्ये मृग लागला की हैदराबादला माशाचं औषध देतात, तिकडे जा. नागपूरहून दरवर्षी लोक जातात, जिवंत मरळ माशाच्या तोंडात पिवळं औषध ठेवून तो गिळायला देतात. ज्याला श्वास मिळत नाही तो कुठेही जाईल, त्यात त्याला कमी लेखण्यासारखं काही नाही. त्याचा दम्यावर उपयोग होतो हे सिद्ध झालेलं नाही, एवढं सरांनी सांगितलं आणि म्हणाले जायचं तर जा, पण पंप बंद करून जाऊ नका. ते शेवटी गेले नाहीत, ड्युटी मिळाली नाही.

एका नातेवाइकाने पुड्या सुचवल्या होत्या, तीन दिवसांत दमा गायब. याबद्दल मात्र सर स्पष्ट बोलले. नाव-घटक न लिहिलेल्या पुडीने तीन दिवसांत दमा गायब होत असेल तर त्यात स्टेरॉइडची भुकटी असण्याचीच शक्यता जास्त, तीही पोटातून, डोस माहीत नाही.

इथे स्टेरॉइडच्या भीतीवर बोलणं आलं आणि रमेशभाऊंनी स्वतःच हिशेब केला, कंडक्टरचं डोकं. अटॅकसाठी दिलेल्या गोळ्या ४० मिलिग्रॅम, पाच दिवस, म्हणजे २०० मिलिग्रॅम. एका मिलिग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅम. पंपाचे दिवसाचे ८००. बोटांवर काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, "म्हणजे पाच दिवसांत अडीचशे दिवसांचा पंप पोटात गेला ना हो सर." औषधं वेगळी आहेत, ताकद वेगळी, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही, पण दिशा बरोबर आहे. पंप नीट चालू असला की अशा गोळ्यांची वेळ कमी येते. मला वाटतं त्यांचं मन वळलं ते या आकड्यामुळे, आमच्या समजावण्यामुळे नाही.

शेवटी खरे पर्याय तीन उरले. तोच पंप, पण घ्यायची पद्धत बदलून. किंवा डोस लगेच कमी करणं, पण अटॅकनंतर लगेच ते धोक्याचं. किंवा औषधच बदलणं, सिक्लेसोनाइडसारखं दुसरं स्टेरॉइड, जे फुप्फुसात गेल्यावरच कामाचं होतं आणि तोंड-घशाला कमी त्रास देतं. ते हाताशी ठेवलं, पण आधी पहिला पर्याय करून बघायचं ठरलं, कारण त्यांनी पंप कसा घेतात ते दाखवलं तेव्हा निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

काय केलं

त्यांनी दाखवलं ते असं: पंप न हलवता, तोंड अर्धवट उघडं, फस्स, फस्स, लागोपाठ दोन, आणि मग श्वास. औषधाचा मोठा भाग जिभेवर आणि टाळूवरच बसत होता, जिथे डाग होते तिथेच. पद्धत बरोबर असली तरी नुसत्या पंपातलं औषध फार तर १० ते २० टक्के फुप्फुसात पोचतं, बाकी तोंड-घशात. चुकीच्या पद्धतीत फुप्फुसात अजून कमी आणि त्रास मात्र पूर्ण.

म्हणून स्पेसर दिला, पंप आणि तोंड यांच्या मधे लावायची प्लॅस्टिकची ती पोकळ नळी. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, स्पेसर तोंडात घट्ट, एक पफ, हळूहळू खोल श्वास, दहापर्यंत मोजत रोखायचा, अर्ध्या-एक मिनिटाने दुसरा. दोन पफ एकदम स्पेसरमध्ये मारायचे नाहीत. आठवड्याला एकदा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून तसाच वाळवायचा, कपड्याने पुसायचा नाही, पुसला की प्लॅस्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध भिंतीला चिकटतं.

गुळण्यांचा प्रश्न मला वाटला त्यापेक्षा वेगळा निघाला. त्यांना माहीत होतं गुळण्या करायच्या. पण ते पंप घ्यायचे गाडीत, ड्रायव्हरला डबल बेल दिल्यावर सीटवर बसून, मग थुंकणार कुठे, भरलेल्या गाडीत बाया-माणसांसमोर? ते पाणी गिळून टाकायचे नाहीतर करायचेच नाहीत. म्हणून पंपाच्या वेळाच बदलल्या. पहाटे साडेचारला उठल्या उठल्या पंप, मग ब्रश, मग चहा. संध्याकाळी जेवणाआधी. आधी ब्रश मग पंप असं करत होते ते उलटं केलं, एवढ्यानेही फरक पडतो. मुक्कामी गाडी असली की स्पेसर पिशवीत, गावात पोचल्यावर मुक्कामाच्या खोलीतच घ्यायचा. चार लोकांसमोर ती नळी काढायची लाज वाटते हे त्यांनी सांगितलं, आणि दिवसातून दोनदाच लागते, दोन्ही वेळा आडोसा मिळतो, हे कळल्यावर तो अडसर गेला.

बुरशीसाठी क्लोट्रिमॅझोलचं तोंडात लावायचं औषध दोन आठवडे. पोटातून घ्यायची बुरशीची गोळी दिली नाही. इथे थोडं थांबून सांगते, उन्हाळ्या-पावसाळ्यात आपल्याकडे नायटा घराघरात असतो आणि लोक मेडिकलमधून इट्राकोनॅझोलच्या गोळ्या आठवडेच्या आठवडे खातात. ती गोळी ब्युडेसोनाइड शरीरातून बाहेर टाकायचं काम मंदावते, पंपातलं थोडंसं स्टेरॉइडही मग रक्तात साचतं, चेहरा सुजतो, वजन वाढतं. स्टेरॉइड पंप चालू असेल तर नायट्याच्या डॉक्टरांनाही ते सांगा.

निळा पंप काढून घेतला. त्याऐवजी सरांनी ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा तोच पंप दम लागल्यावरही एक पफ घ्यायला सांगितला, दिवसाची कमाल मर्यादा चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात. फॉर्मोटेरॉल तेवढंच लवकर काम सुरू करतं आणि प्रत्येक पफसोबत थोडं स्टेरॉइडही जातं. हे सगळ्या पंपांना चालत नाही, फॉर्मोटेरॉल असलेल्यांनाच. प्रोप्रानोलॉल बंद, आणि दमा आहे म्हणून या गोळीचा सगळा गट (बीटा ब्लॉकर) टाळावा असं लाल पेनाने फाइलवर.

ईसीजी चांगला, पोटॅशियम थोडं कमी, साखर ठीक. गालाच्या डागासाठी मेडिकल चौकाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवलं, आणि नुसती चिठ्ठी न देता तारीख ठरवून वहिनींना सोबत जायला सांगितलं, कारण एकटे ते गेले नसते.

पंप ठेवायची जागाही बदलली. त्यांची पिशवी इंजिनच्या बॉनेटवर असायची. पंपातला डबा दाबाखाली असतो, तो ३० अंशांच्या खाली ठेवायचा असतो, आणि मेमधलं ते बॉनेट हाताला चटका देतं. आता पंप शर्टाच्या खिशात, घरी माठाशेजारच्या कोनाड्यात. कूलरच्या ताट्या बदलल्या, टाकी धुऊन वाळवली.

काय झालं

थरथर आणि धडधड सगळ्यात आधी गेली, आठवड्या-दीड आठवड्यात. जीभ-टाळू दोन आठवड्यांत साफ. पीक फ्लो महिन्याभरात ४६० वर.

दंत महाविद्यालयात तुकडा काढून तपासला. कॅन्सर नाही, पण डाग खर्ऱ्याचाच, लक्ष ठेवावं लागणार, दर तीन महिन्यांनी दाखवायचं. रिपोर्ट घेऊन आले तेव्हा खूप मोकळे दिसले आणि खर्रा सोडतो म्हणाले. सहा-सातवरून दोनवर आलेत, पूर्ण सुटलेला नाही. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, फुकट आहे, तिथे वहिनींनी फोन लावून दिला. रात्रीच्या ड्युटीला जागं राहायला खर्रा लागतो हे त्यांचं म्हणणं आहे आणि त्यावर अजून चांगलं उत्तर सापडलेलं नाही.

आवाज मात्र चिवट निघाला. स्पेसरने तोंडातले डाग जातात तसा आवाज हमखास सुधारतोच असं नाही, कारण औषध फुप्फुसात जाताना स्वरयंत्रावरूनच जातं आणि तिथल्या बारीक स्नायूंना ते थोडं ढिलं करतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं, गाठ नाही, बुरशी नाही. तीन महिने दमा पूर्ण ताब्यात राहिल्यावर सरांनी डोस अर्धा केला, सकाळी एक संध्याकाळी एक, आणि त्यानंतर आवाज बराच सुटला. सुटला म्हणजे संध्याकाळपर्यंत टिकतो, आठवड्याची शेवटची ड्युटी असली की अजूनही बसतो. स्टँडवर ओरडणं त्यांनी कमी केलंय, पाटी दाखवतात.

कुठे वेगळं करता आलं असतं

पहिली जागा फेब्रुवारीतलं डिस्चार्ज. औषध लिहिण्याआधी पाच मिनिटं: आवाज बसू शकतो, तोंडात बुरशी येऊ शकते, पहिले काही दिवस हात थरथरतील मग सवय होते, असं झालं तर बंद करू नका, फोन करा. काही डॉक्टर म्हणतात त्रास आधीच सांगितला तर पेशंट घाबरून घेणारच नाही. मला हे पटत नाही. न सांगता जो त्रास होतो तो पेशंटला फसवणुकीसारखा लागतो, आणि सांगून झालेला त्रास तो सहन करतो किंवा निदान येऊन बोलतो.

दुसरी, दोन-तीन आठवड्यांनी एक फोन. त्रास साधारण त्याच सुमारास सुरू होतात आणि पुढची भेट दोन महिन्यांनी असते, मधल्या काळात माणूस एकटाच निर्णय घेतो. फोनवर पंप घेता ना असं विचारलं की हो म्हणतात. काय त्रास होतो असं विचारायला पाहिजे.

तिसरी मेडिकलवाल्यांची. तीन आठवड्यांत २०० पफांचा निळा पंप परत मागायला येणारा माणूस ही धोक्याची खूण आहे. वर्षाला तीन किंवा जास्त लागले तरी अटॅकचा धोका वाढलेला असतो, महिन्याला एक लागत असेल तर जिवाचा धोका. काउंटरवरच्या मुलाने एवढं जरी म्हटलं असतं की भाऊ, डॉक्टरला दाखवा, तरी ते आधीच आले असते.

एका गोष्टीवर आमच्यात अजून एकमत नाही. सिक्लेसोनाइड आधीच द्यायला हवं होतं का, ज्याचं पोट आवाजावर चालतं त्याच्यासाठी? एका बाजूने हो. दुसऱ्या बाजूने, मग दम लागल्यावर घ्यायला वेगळा पंप आला असता, म्हणजे परत निळा, आणि निळ्याचं त्यांचं काय झालं होतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. खर्चही जास्त. सर म्हणतात एकच पंप ठेवला ते बरोबर, मला वाटतं डोस कमी करूनही आवाज असाच बसत राहिला तर दिवाळीनंतर, फटाक्यांच्या धुराचे दिवस गेल्यावर, बदलून बघावं. रमेशभाऊंना दोन्ही बाजू सांगितल्यात. ते म्हणाले दिवाळी जाऊ द्या, मग ठरवू.